एक तांब्या म्हणजे एक लिटर

पडेगाव, औरंगाबाद
३० नोव्हेंबर २०१५

सर,

‘आदरणीय’ लिहून खोडलं आहे, ते दिसेलच. नवा कागद घेता आला असता, पण तुम्हीच शिकवलंत की चुकलेल्या आकड्यावर पांढरा रंग फासायचा नाही. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची.

फोन तुम्ही उचलत नाही. तीन ईमेल झाले, उत्तर नाही. म्हणून हे रजिस्टर एडीनं पाठवते आहे. उत्तर नाही तर नाही, निदान पोचपावती तरी येईल.

मागच्या आठवड्यात फोनवर मी अर्धंच बोलले होते तेवढ्यात तुम्ही ठेवून दिलात, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. पंधरा तारखेला मी न कळवता घरी गेले. गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. आई रानात गेली होती. माठावर स्टीलचा एक तांब्या उपडा घातलेला, तळहातावर मावेल एवढा. मी दोनदा भरून प्यायले तरी तहान भागेना. आई आल्यावर विचारलं, हा कुठला? आपला पितळेचा कुठं गेला?

‘‘तो मांडणीवर हाय की. तू यायची म्हणलं की काढते. एरवी कोण काढतंय?’’

‘‘कधीपासून?’’

‘‘दुष्काळ पडला तव्हापासून. बारा सालापासून म्हण. घरी आलेल्याला पाणी नाय म्हणता येत नाय, मग भांडं बारीक करायचं. समद्यांच्याच घरी तसंच हाय. तुला ठावं नाय व्हय?’’

मला ठाऊक नव्हतं, सर. २०१३ च्या मे महिन्यात आपण गंगापूर तालुक्यातल्या सहा गावांत दोनशे बारा घरी गेलो आणि बायकांना विचारलं, दिवसाला किती तांबे पाणी पिता? बहुतेकींनी सांगितलं, तीन. आपण तीन लिटर लिहून मोकळे झालो. पेपरमधल्या दुसऱ्या तक्त्याखाली बारीक अक्षरात ती ओळ आहेच: एक तांब्या म्हणजे एक लिटर. सगळी इमारत त्या एका ओळीवर उभी आहे. बायकांना प्यायला पाणी पुरेसं मिळतं, त्यांच्या मुतखड्याचं कारण पाण्याची कमतरता नाही, बोअरच्या पाण्यातले क्षार असावेत, असं आपण छापून बसलो.

आईचा तो तांब्या मी पिशवीत घालून कॉलेजात, आपल्या विभागात आणला आणि मोजला. सहाशे वीस मिलीलीटर. तीन तांबे म्हणजे दोन लिटरसुद्धा नाही, आणि तेही मे महिन्यात दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला.

हेच मी फोनवर सांगत होते. ‘‘सर, आपली चूक झाली,’’ असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, ‘‘आपली?’’ आणि फोन ठेवलात.

तर हो. आपलीच. पेपरवर दोन नावं आहेत, आधी तुमचं, मग माझं. जर्नलला दुरुस्ती पाठवायची तर दोघांच्या सह्या लागतात. मसुदा सोबत आहे. तुमच्या नावापुढं पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथं सही करा आणि परत पाठवा. तिकीट लावलेला लिफाफा आतच घातला आहे.

पुण्याकडच्या कॉलेजात डीन झाल्याबद्दल तुमचं अभिनंदन करायचं राहिलं होतं. ते करते.

डॉ. प्रेरणा वाकळे


पडेगाव
१७ जानेवारी २०१६

सर,

पोचपावती आली. सही काकूंची आहे, ‘द. मु. धारूरकर’. एमडीच्या तीन वर्षांत दर गुरुवारी मी तुमच्याकडं जेवायला असायचे. तुम्ही माझा थिसिस ताटाशेजारी उघडून बसायचात आणि दमयंतीकाकू आतून ओरडायच्या, ‘‘अहो, मुलीला आधी दोन घास खाऊ द्या, मग तिचं रक्त प्या.’’ काकूंनी पत्र तुमच्या टेबलावर ठेवलं असणार, याची मला खात्री आहे. लिफाफा मात्र परत आला नाही.

इकडं सहयोगी प्राध्यापकाची जाहिरात निघाली आहे. दोन पेपर लागतात, आणि माझ्या गाठीला मोजून दोनच आहेत. त्यातला एक हाच. तो गेला की मी मुलाखतीच्या दारातच अपात्र ठरेन, किंवा आत घेतलं तरी हसू होईल. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, दया यावी म्हणून नाही.

केयूर सबनीसनंही अर्ज केला आहे. तुम्ही गेल्यावर विभागात आला, माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. मनानं वाईट नाही. परवा डबा खाताना म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही पण कमाल करता. मुलाखत होऊ द्या ना. मग निवांत पाठवा ती दुरुस्ती. सहा महिन्यांत कोण मरतंय?’’

मी त्याला सांगितलं, तुम्हालाही सांगते. आपले पेपर कुणी वाचत नाही असं म्हणून आपण हसायचो ना? एका संस्थेनं वाचला. मागच्या दुष्काळात या सहा गावांना पिण्याच्या पाण्याचे जादा टँकर देणारी ती संस्था. आपला निष्कर्ष वाचून त्यांनी या वेळी टँकर बंद केले आणि त्याच पैशातून बोअरवर फिल्टर बसवले. आता बोअर आटली आहेत. निळ्या रंगाच्या नव्याकोऱ्या टाक्या उभ्या आहेत, नळ सोडला की हवा येते. बायका तक्रार घेऊन गेल्या तर त्यांना उत्तर मिळालं, ‘‘पाणी पुरतं म्हणून तुमच्याच डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय.’’

तुमच्याच म्हणजे माझं नाव, सर. तुमचं त्यांना आठवतही नाही. आईला पाणवठ्यावर टोमणे बसतात आणि ती मला सांगत नाही, ते मला दुसरीकडून कळतं.

मी राहते तिथं आमच्या इमारतीच्या कमानीवर बिल्डरचा बोर्ड अजून आहे, चोवीस तास पाणी. चार वर्षांपूर्वी इथं ज्वारी होती म्हणतात. आता सात मजले झाले आणि टँकर दोन दिवसांनी येतो. आम्ही बादल्या घेऊन खाली उतरतो, भांडतो, सचिवाला शिव्या देतो आणि वर येऊन पोटभर पाणी पितो. आमच्या शिव्या ऐकायला सचिव तरी आहे.

म्हणून मुलाखतीपर्यंत मी थांबणार नाही. मसुदा पुन्हा जोडला आहे. फुली तिथंच आहे.

प्रेरणा वाकळे


गंगापूर, एसटी स्टँडजवळ
१३ मार्च २०१६

सर,

दुसरी पोचपावतीही काकूंच्याच सहीची. ठीक आहे. काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याशी तरी तुम्ही बोलत असाल.

जर्नलच्या संपादकांना मी विचारलं, सहलेखक सही देत नसेल तर काय करायचं. ते म्हणाले, एका घरच्या एका तांब्यावरून पेपर मागं घेता येत नाही, नवं मोजमाप पाठवा, मग पाहू. त्यांचं बरोबर आहे. आधी एका तांब्यावरून छापला, आता एका तांब्यावरून पुसायला निघाले होते.

तर मी रजा टाकून तांबे मोजते आहे. सगळे. दोनशे बारा घरं, तीच यादी.

पहिल्या दिवशी केसरबाई मला वेशीवरच भेटली. तुम्हाला आठवेल, आपल्याला घरोघर फिरवणारी आशा ताई, उंच, हसताना तोंडावर पदर धरणारी. माझ्या हातातलं प्लास्टिकचं मोजपात्र बघून म्हणाली, ‘‘आता काय दूध घालता का काय घरोघर?’’

मी म्हटलं, तांबे मोजायचे आहेत.

‘‘तांबे? लई शिकल्या बाई तुम्ही!’’ आणि मग हसणं थांबवून तिनं जे सांगितलं ते तुम्ही ऐकायलाच हवं. ‘‘म्या तव्हाच म्हणणार व्हते. पण तुम्ही दोघं डाक्टर लोक, शहरातून आलेले. आदल्या दिशी मीच घरोघर सांगून आले, बाकीच्या पाच गावांत बी निरोप धाडला, मोठे तांबे काढून ठिवा, गावाची लाज जाईल. तुम्हाला ज्यांत पाणी दिलं ते काय रोजचे तांबे नव्हते.’’

म्हणजे आपण दोघं दोनशे बारा घरी मोठ्या तांब्यानं पाणी प्यायलो, मांडीवर फॉर्म ठेवला, विचारलं किती तांबे, आणि समोरचा तांब्या बघून लिहिलं. बाई उत्तर देत होती ती माठावरच्या तांब्याचं. एकही बाई खोटं बोलली नाही.

दुष्काळात मोजमापासाठी पाणी कुठून आणायचं हाही प्रश्नच होता. मी घरून दोन लिटरची बाटली भरून नेते. त्यातून तांब्या भरायचा, तांब्यातून मोजपात्रात, मोजपात्रातून परत बाटलीत. थेंब सांडला की घरातली म्हातारी जीभ चावते. संध्याकाळी उरलेलं पाणी शेवटच्या घरच्या शेळीला घालते. काल एका म्हातारीनं विचारलं, ‘‘आन आमच्या तांब्यात कमी भरलं तर काय दंड हाय का?’’ मी म्हटलं, दंड आहे, पण तुम्हाला नाही.

आजवर एकशे चार झाले. सर्वात मोठा आठशे दहा, सर्वात लहान चारशे चाळीस. तो चारशे चाळीसवाला एका पाचव्या महिन्यातल्या सुनेचा होता. सासूनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, ‘‘बारका हाय, पण सोच्छ हाय.’’ मला रडू आलं. मी पुढच्या घरी गेले.

तुमची सही मी आता मागत नाही. मसुदा जोडलेला नाही, शोधू नका.

प्रेरणा वाकळे


पडेगाव
२ मे २०१६

सर,

मागच्या तीन पत्रांत एक गोष्ट मी लिहिली नाही. तुम्हाला ती माहीत आहे. म्हणूनच तुम्ही ‘‘आपली?’’ म्हणालात.

मे २०१३ चा शेवट, विभागातला कूलर बंद, टेबलावर ओला टॉवेल. तुम्ही दुसऱ्या तक्त्याच्या खालच्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलंत, ‘‘एक तांब्या, एक लिटर. मोजला आहेस?’’

मी म्हटलं, ‘‘हो सर.’’

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वर म्हणाले, ‘‘मी गावचीच आहे सर. मला तांब्या शिकवता?’’

तुम्ही हसलात. ‘‘चुकलं माझं,’’ म्हणालात, चक्क माझी माफी मागितलीत, आणि त्या ओळीपुढं टिक केलीत.

मी मोजला नव्हता. आमच्या घरचा तांब्या एक लिटरचा आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आमच्या घरचा तसा तो सगळ्यांचा. का खोटं बोलले, तेही सांगते. तुमच्या विभागात गावाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडं बघायचे, आणि त्या बघण्यात थोडी मजा असायची. ‘‘वाकळे, तुमच्याकडं असं करतात का हो?’’ त्या एका दुपारी गावचं असणं पहिल्यांदा उपयोगाचं ठरत होतं. तिथं मोजपात्र आणून मला ते तपासून घ्यायचं नव्हतं. माज होता, सर. गावच्या पोरीचा शहरात आल्यावरचा माज. आणि तेव्हा शहरात येऊन मला नऊ वर्षं झाली होती, मला गावचं काय ठाऊक उरलं होतं?

दोनशे बारा तांबे मोजून झाले. सरासरी सहाशे पस्तीस. पेपर मागं घेण्याचं पत्र मी काल जर्नलला पाठवलं. त्यात स्पष्ट लिहिलं आहे: भांड्यांचं मोजमाप डॉ. प्रेरणा वाकळे यांनी केलं नव्हतं, आणि केल्याचं सहलेखकांना खोटंच सांगितलं होतं. तुमच्यावर डाग ठेवलेला नाही.

खोट्याबद्दल माफी मागते. पायावर डोकं ठेवून मागते.

पण एवढीच. बाकी कशाची नाही. चूक माझी होती, ती मी सहा गावं हिंडून माझ्या हातानं निस्तरली. तुम्ही नोव्हेंबरपासून गप्प आहात. तुम्हाला फसवलं म्हणून माझ्यावर रागावलात, तर फोन उचलून शिव्या द्यायच्या होत्या, मी खाल्ल्या असत्या. रागाच्या भरात त्या बायकांचं पाणी अडवून बसायचा हक्क तुम्हाला नव्हता. मला खोटं बोलायचा हक्क होता तेवढाच तुम्हाला गप्प बसायचा. म्हणजे कुणालाच नव्हता.

प्रेरणा


पडेगाव
१९ जून २०१६

सर,

सोळा तारखेला तुम्ही समोर होतात, तरी लिहिते. तुम्ही टेबलावरच्या कागदांकडं बघत होतात, त्यामुळं बरंच तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

निवड समितीत बाहेरचे तज्ज्ञ म्हणून तुम्ही येणार हे मला त्या सकाळी दारावरची यादी वाचून कळलं. केयूर माझ्याकडं बघत होता. ‘‘मॅडम, पिशवी तरी बाहेर ठेवा,’’ हळूच म्हणाला. पिशवीत काय आहे ते त्याला माहीत होतं. मी आत घेऊन गेले.

अध्यक्षांनी अर्ज चाळला. ‘‘इथं दोन पेपर लिहिलेत, एक तुम्ही खोडलाय?’’

‘‘हो. तो मी मागं घेते आहे.’’

‘‘कारण?’’

मी स्टीलचा तांब्या काढून टेबलावर ठेवला. पाणी देणारे शिपाई कडुबा दारात उभे होते ते दोन पावलं पुढं आले. एक सदस्य हसले, म्हणाले, ‘‘अहो, सत्यनारायण आहे का मुलाखत?’’ मी त्यांना हसू दिलं आणि मग सगळं सांगितलं. खोटं बोलले होते तेही. मोठे तांबे, बारके तांबे, दोनशे बारा घरं, सहाशे पस्तीस. आणि हेही सांगितलं, की जर्नल छापेल तेव्हा छापेल, पण आकडे घेऊन मी मे महिन्यातच त्या संस्थेच्या दारात जाऊन बसले. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबांनी फॉर्म स्वतः तपासले, आणि अकरा मेपासून सहाही गावांत टँकर सुरू झाले.

अध्यक्ष म्हणाले, ‘‘म्हणजे कबुलीजबाब द्यायला आलात का पद मागायला?’’

‘‘पद मागायलाच आले आहे,’’ मी म्हटलं. ‘‘माझी चूक मी शोधली, मोजली आणि दुरुस्त केली. हे ज्याला जमतं त्यालाच संशोधन शिकवायला ठेवा. बाकीच्यांची चूक अजून सापडायची आहे एवढाच फरक.’’

आवाज चढला होता, मला कळत होतं. खाली आणला नाही.

मग तुम्ही बोललात. सात महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला. मान खालीच. ‘‘एक लिटर हा आकडा मुळात कुठून आला होता?’’

‘‘आमच्या घरच्या पितळेच्या तांब्यावरून, सर.’’

‘‘तो मोजला?’’

दोनशे बारा मोजले होते, सर, रोजच्या वापरातले. मांडणीवरचा कशाला मोजायचा? ‘‘तो... तो मला माहीत आहे, सर,’’ असं मी म्हटलं.

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा वर बघितलंत. चष्म्याच्या वरून, थिसिस तपासताना बघायचात तसं. राग नव्हता त्यात. मला वाटलं तुम्ही आता काहीतरी म्हणाल. तुम्ही कागद सारखे केलेत आणि म्हणालात, ‘‘माझं झालं.’’

काल यादी लागली. केयूर निवडला गेला. पेढे घेऊन आला आणि माझ्या टेबलापाशी येऊन अडखळला. मी दोन खाल्ले. त्याचे दोन्ही पेपर खरे आहेत, त्याचं त्याला मिळालं. पुढच्या जाहिरातीला मी पुन्हा अर्ज करणार आहे, त्याच्या पुढच्याही. तुम्ही मला किती गुण दिलेत ते मी विचारत नाही. शून्य दिले असतील तरी मला तोंड लपवून बसायचं नाही.

प्रेरणा


पडेगाव
२ ऑक्टोबर २०१६

सर,

जर्नलच्या सप्टेंबरच्या अंकात शेवटून दुसऱ्या पानावर, चौकटीत, पेपर मागं घेतल्याचं निवेदन आलं आहे. अंक सोबत पाठवते. माझं खोटं माझ्या शब्दांत छापलं आहे. खाली संपादकांची एक ओळ आहे: सहलेखकांकडून उत्तर मिळाले नाही. तुमचं गप्प बसणंही छापून आलं, सर. ते वाचून मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

जूनच्या पत्राची पोचपावती मात्र मी जपून ठेवली आहे. तिच्यावर सही काकूंची नाही. ‘मु. ग. धारूरकर’. तीच घाईची सही, शेवटची रेघ कागदाबाहेर जाणारी. जिथं हवी होती तिथं केली नाहीत आणि पोस्टमनच्या कागदावर केलीत. मी ती बराच वेळ बघत बसले. पोस्टमन आला तेव्हा काकू घरात नसतील, एवढंच असेल कदाचित. पण मी ती जपून ठेवली आहे.

विभागात आता एक नवीन भानगड आहे. दुष्काळात घरातलं पाण्याचं भांडं लहान होतं आणि आपल्या सगळ्या प्रश्नावल्या ते धरतच नाहीत, यावर मी छोटा पेपर लिहिला. दोन नावं टाकली आहेत, माझं आणि केसरबाईचं. आधी केसरबाईचं. विभागात एकच हशा. ‘‘सातवी पास आशा ताई पहिली लेखिका?’’ केयूरसुद्धा म्हणाला, ‘‘मॅडम, आभारात टाका ना.’’ मी म्हटलं, मोठे तांबे कुणी काढायला लावले आणि तेव्हा त्यातली मेख कुणाला कळत होती, हे तेव्हा घरोघर फिरलेल्या आम्हा तिघांपैकी केसरबाईला एकटीला माहीत होतं. दोन एमडी होते, त्यांना नव्हतं. केसरबाईला सांगितलं तर तिनं तोंडावर पदर धरला. ‘‘माझं नाव? इंग्रजीत? आन मालकाचं नाव लावायचं का नाय?’’ नाही लावलं.

या वर्षी पाऊस बरा झाला. पुढच्या वर्षीचं कोण सांगावं, पण विहिरीला पाणी आहे. काल घरी गेले, पुन्हा न कळवता. माठावर पितळेचा तांब्या होता. चिंचेनं घासलेला. मी जूनमध्ये परत आणून दिलेला बारका मांडणीवर गेला होता. आई म्हणाली, ‘‘आता काय, पी पोटभर.’’

मी प्यायले. मग तांब्या हातात धरून उभी राहिले. जूनपासून तुमचा तो प्रश्न डोक्यातून गेला नव्हता. मोठ्या माणसानं अपमान करण्यासाठी विचारला असंच मी चार महिने धरून चालले होते. मला पुन्हा पेचात पकडलं, सगळ्यांसमोर, असं. काल तांब्याचा काठ अंगठ्याला लागला तेव्हा कळलं की तुम्ही मला काहीतरी शिकवत होतात. सात महिन्यांनी दोनच प्रश्न विचारलेत आणि तेही शिकवण्याचे. दुसरं काही येतं कुठं तुम्हाला.

पिशवीतून मोजपात्र काढलं. ते आता माझ्या पिशवीत असतंच.

आई चुलीपाशी बसली होती. ‘‘आता ह्याला बी मोजती का? हा तर लिटरचा हाय.’’

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी म्हंजी? तूच तर सांगायची. शाळंतून आली की, आई, हा एक लिटर, आई, हा एक लिटर. मला काय ठावं लिटर.’’

तांब्या काठोकाठ भरला. मोजपात्र जमिनीवर सपाट ठेवलं, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेषेवर आणला, तुम्ही पहिल्या वर्षी शिकवलंत तसं. एकदा मोजला. ओतून पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा आईच्या हातानं मोजला.

आठशे साठ, सर. तोही एक लिटरचा नव्हता.

तुमची सही नको, उत्तर नको. तुमच्यावर माझा राग आहे तो आहेच, तोही यात कुठं वितळलेला नाही. फक्त तीन वर्षांपूर्वी तुम्ही पेन्सिल टेकवून एक प्रश्न विचारला होता, त्याचं खरं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

मोजला आहे, सर.

तुमची विद्यार्थिनी,
प्रेरणा